जुन्या व्हॅनच्या ब्रेकचे बंद झालेले सुटे भाग कसे मिळवावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे मुख्यतः बजाज टेम्पोची मॅटाडोर, सुरुवातीच्या काळातील टेम्पो ट्रॅव्हलर, महिंद्राची व्हॉयेजर आणि पुढच्या चाकांनाही डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असलेली पहिली मारुती व्हॅन वापरणाऱ्यांसाठी आहेत. या गाड्यांची इंजिने अजून चालतात आणि पत्राही दुरुस्त होतो, पण ब्रेकच्या एखाद्या लहानशा भागापायी त्या महिनोन्‌महिने उभ्या राहतात. येथे सांगितलेले बहुतेक सारे इतर जुन्या हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकच्या गाड्यांनाही लागू पडते.

‘हा पार्ट बंद झाला’ असे डीलरने सांगितले, तर शोध तिथेच संपला असे समजावे का?

नाही. या एका वाक्यात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. पहिली म्हणजे जुना पार्ट नंबर रद्द होऊन त्याच्या जागी नवा नंबर आलेला असतो आणि काउंटरवरच्या माणसाने फक्त जुना नंबर टाकून पाहिलेला असतो. दुसरी म्हणजे संपूर्ण असेंब्ली बंद झालेली असते, पण तिच्यातले रबर किट, पिस्टन, ब्लीडर निपल (हवा काढण्याची तोटी) वगैरे सुटे मिळत असतात. तिसऱ्या प्रकारात भाग खरोखरच त्या कंपनीच्या गोदामातून संपलेला असतो. पण तो संपला म्हणजे जगातून नाहीसा झाला असे नव्हे, कारण व्हॅन बनवणाऱ्या कंपन्या ब्रेकचे बहुतेक भाग स्वतः बनवत नाहीत. मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने तेलावर दाब देणारा), व्हील सिलिंडर (त्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणारा), कॅलिपर (डिस्कला पकडणारा), लायनर (घर्षणाचा थर) हे सारे ब्रेकचाच धंदा करणाऱ्या कारखान्यांतून येते, आणि तोच सिलिंडर त्या कारखान्याने दुसऱ्या कंपनीच्या जीपला किंवा छोट्या ट्रकलाही पुरवलेला असू शकतो. म्हणून डीलरला पहिला प्रश्न ‘हा नंबर कशाने बदलला आहे?’ असा विचारावा आणि त्याच्या संगणकावर जुन्या नंबरापुढे दुसरा नंबर दिसतो का, हे पाहायला सांगावे.

मूळ भाग कोणत्या कारखान्याने बनवला हे कसे ओळखावे?

भाग उतरवून वायर ब्रशने स्वच्छ केला की त्याच्या ओतीव अंगावर बनवणाऱ्याचे नाव किंवा चिन्ह बहुधा सापडते. चेन्नईजवळच्या पाडी येथील ब्रेक्स इंडिया ही कंपनी १९६२ पासून ब्रेक बनवते आणि तिच्या मालावर गर्लिंग या ब्रिटिश ब्रेक कंपनीचे नाव आढळते. लॅम्ब्रेटा स्कूटर बनवणारी भांडुपची ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी ब्रेक आणि क्लचचे भागही करत असे. आपल्याकडच्या कल्याणी ब्रेक्सचे उदाहरण मात्र जरा लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या कंपनीचे नाव पुढे बॉश चॅसिस सिस्टिम्स असे झाले, २०१२ मध्ये बॉशने जगभरातला हा धंदा विकल्यावर चॅसिस ब्रेक्स इंटरनॅशनल हे नाव आले, आणि २०१९ मध्ये हिताचीने तो विकत घेतला. एकाच कारखान्याच्या मालावर अशी चार नावे येऊन गेली असल्यामुळे खोक्यावर ओळखीचे नाव नाही म्हणून चांगला भाग नाकारला जातो आणि, उलट, ओळखीचे नाव पाहून चुकीचा घेतला जातो.

गाडीचे नाव आणि साल सांगूनही योग्य भाग का मिळत नाही?

साल हे नोंदणीचे असते, उत्पादनाचे असतेच असे नाही, आणि कारखाने वर्षाच्या मध्येच सिलिंडरचे माप किंवा पाइपचे आटे बदलतात. शिवाय पंचवीस-तीस वर्षे चाललेल्या व्हॅनला मधल्या कुठल्या तरी मालकाने किंवा गॅरेजवाल्याने मिळेल तो भाग बसवलेला असतो. मॅटाडोरसारख्या गाडीने कधी शाळेची मुले नेली, कधी भाजी वाहिली, कधी रुग्णवाहिका म्हणून काम केले. तिची चारही चाके एकाच घडणीची उरली असतील असे धरून चालणे धोक्याचे आहे. म्हणून व्हॅनचे नाव शोधण्याऐवजी समोर असलेला भाग शोधावा. दुकानात ‘मॅटाडोरचा व्हील सिलिंडर आहे का?’ असे विचारले की ‘नाही’ हे उत्तर ठरलेले असते. काउंटरवर नमुना ठेवून ‘या बोअरचा, असाच दोन बोल्टचा सिलिंडर दाखवा’ असे म्हटले की दुकानदार मागच्या फळीवर शोधू लागतो.

भाग शोधायला निघण्यापूर्वी कोणती मापे घ्यावीत?

सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास. जुन्या ब्रिटिश घडणीच्या ब्रेकमध्ये हा इंचात असतो आणि जपानी किंवा जर्मन घडणीत बहुधा मिलिमीटरमध्ये. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तेरा-सोळांश इंच म्हणजे २०.६४ आणि सात-अष्टमांश इंच म्हणजे २२.२२ मिलिमीटर. हे आकडे कधी सिलिंडरच्या अंगावर ओतलेले असतात, कधी आतल्या रबरी कपच्या (तेल अडवणाऱ्या वाटीसारख्या सीलच्या) पाठीवर उठवलेले असतात. कप हातात घेऊन उजेडात तिरका धरला की ‘३/४’ किंवा ‘७/८’ अशी बारीक अक्षरे दिसतात. ती न दिसल्यास व्हर्नियरने माप घ्यावे, मात्र झिजलेल्या मधल्या भागात न घेता, जिथे पिस्टन पोहोचत नाही अशा जागी घ्यावे.

बोअरच्या बाबतीत ‘जवळपास सारखा’ असे काही नसते. पाऊण इंचाच्या जागी सात-अष्टमांश इंचाचा सिलिंडर बसवला तर व्यास सुमारे ३ मिलिमीटरनेच वाढतो, पण पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे तितक्याच दाबाला त्या चाकाचा ब्रेक तितक्या प्रमाणात जास्त जोराने लागतो. हा सिलिंडर मागे बसवला असेल तर रिकामी व्हॅन पावसाळ्यात मागून घसरते, आणि एकाच बाजूला बसवला असेल तर गाडी त्या बाजूला ओढते. मास्टर सिलिंडरमध्ये हेच उलट घडते. त्याचा बोअर वाढवला तर पेडल कमी खाली जाते पण जड होते, आणि कमी केला तर पेडल हलके होऊन जमिनीला टेकू लागते.

बोअरखेरीज सिलिंडर बॅकप्लेटला (ड्रममागच्या स्थिर चकतीला) धरणाऱ्या बोल्टांचे मधले अंतर, बॅकप्लेटमधल्या भोकात बसणाऱ्या गोल खांद्याचा व्यास, पाइप येण्याची बाजू आणि ब्लीडर निपलची जागा टिपून घ्यावी. निपल सिलिंडरच्या वरच्या टोकाला यायला हवे, नाहीतर हवा आतच राहते. डाव्या बाजूचा सिलिंडर उजवीकडे बसतो, पण निपल खाली येते आणि कितीही वेळा एअर काढली तरी पेडल स्पंजासारखे लागते. ड्रमसाठी आतला व्यास, खोली, हबच्या भोकाचा व्यास आणि चाकाच्या बोल्टांचे वर्तुळ पाहावे. शूसाठी (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानीसाठी) रुंदी, कमानीची लांबी आणि टोकांचा आकार पाहावा. हे सारे एका कागदावर लिहून, व्हर्नियर लावलेल्या अवस्थेत फोटो काढून ठेवले की मुंबई-दिल्लीच्या दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवणे सोपे जाते.

ब्रेक पाइपचा नट हाताने बसला, तर तो बरोबर आहे असे समजावे का?

अजिबात समजू नये. जुन्या व्हॅनच्या ब्रेकमध्ये इतका फसवा भाग दुसरा नसेल. ब्रिटिश घडणीत तीन-अष्टमांश इंच व्यासाचे, एका इंचात चोवीस आटे असलेले नट येतात, तर जपानी आणि जर्मन घडणीत १० मिलिमीटर व्यासाचे आणि १ मिलिमीटर पिचचे (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांतले अंतर). पहिल्याचा व्यास ९.५ मिलिमीटर आणि पिच जेमतेम १.०६ मिलिमीटर भरतो, त्यामुळे डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. इंची नट मिलिमीटरच्या भोकात अलगद फिरत जातो, पाना लावल्यावर घट्टही वाटतो, पण आट्यांची पकड अपुरी असते. जोरात ब्रेक दाबला जातो तेव्हा ते आटे सोलून निघू शकतात. याच्या उलट प्रकारात मिलिमीटरचा नट इंची भोकात दोन-अडीच फेऱ्यांनंतर अडतो आणि मेकॅनिक पान्याने जबरदस्ती करतो. दहा-पंधरा पट्ट्यांचा साधा थ्रेड गेज स्वस्त मिळतो. तो जवळ असू द्यावा.

पाइपच्या टोकाचा आकारही पाहावा. काहींना आत दुमडलेले दुहेरी फ्लेअर (फुलवलेले तोंड) असते, तर जर्मन घडणीच्या गाड्यांना बहुधा बुडबुड्यासारखे फुगीर. एकाचे टोक दुसऱ्याच्या बैठकीवर बसवले तर ते आवळून आवळून कसेबसे गळायचे थांबते आणि काही दिवसांनी पुन्हा गळू लागते. नवा पाइप बनवताना स्टीलचा ब्रेक पाइप किंवा तांबे-निकेल मिश्रधातूचा पाइप घ्यावा. फ्रिजवाल्याकडचा शुद्ध तांब्याचा पाइप वळवायला सोपा असतो म्हणून अनेक गॅरेजांत वापरला जातो, पण तो कंपनाने कडक होत जाऊन चिरतो.

पार्ट नंबर कुठे शोधावा आणि तो कसा वाचावा?

सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे त्या काळचा छापील पार्ट्स कॅटलॉग. जुन्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये, एसटी किंवा महापालिकेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या माणसांकडे आणि रद्दीच्या दुकानांत तो अजून सापडतो. मारुतीच्या अनेक नंबरांत पहिल्या पाच अंकांनंतर ‘एम’ हे अक्षर येते. पहिले पाच अंक भागाचा प्रकार सांगतात आणि पुढचा गट मॉडेल सांगतो. ‘एम’ वगळून उरलेला नंबर सुझुकीच्या परदेशी कॅटलॉगमध्ये शोधला तर कधी कधी तोच भाग भेटतो. मॅटाडोर आणि ट्रॅव्हलरचे जुने नंबर बजाज टेम्पोच्या नावाने आहेत. ही कंपनी २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली, म्हणून शोधताना दोन्ही नावे वापरावीत.

महाराष्ट्रात आणि बाहेर कोणत्या बाजारांत चौकशी करावी?

पुण्यात नाना पेठेतील स्पेअर पार्टच्या दुकानांपासून सुरुवात करावी. आकुर्डीचा कारखाना गावातच असल्यामुळे मॅटाडोर आणि ट्रॅव्हलरचा जुना माल इथल्या जुन्या दुकानांत पडून असण्याची शक्यता इतर शहरांपेक्षा जास्त आहे. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी हत्यारे आणि किरकोळ लोखंड चांगले मिळते, पण ब्रेकचा भाग नशिबानेच. मुंबईत ऑपेरा हाउस परिसरात नव्या मालाची, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या उतरवलेल्या मालाची दुकाने आहेत. दिल्लीचे काश्मिरी गेट, चेन्नईचे पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बझार आणि बंगळुरूचा जेसी रोड ही देशभरातली मोठी ठिकाणे आहेत, आणि तिथले व्यापारी कुरिअरने माल पाठवतात.

कोल्हापूरचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. शिवाजी उद्यमनगरातील फाउंड्री आणि लेथची परंपरा अशी आहे की नमुना नेऊन दिल्यास बुश, पिन, अॅडजस्टर यांसारखे भाग तिथे घडवून मिळतात. ब्रेक ड्रम ओतून घेण्याचा मोह मात्र विचारपूर्वक आवरावा. एकट्यासाठी लाकडी पॅटर्न करणे महाग पडते आणि योग्य प्रतीचे बीड (ओतीव लोखंड) वापरले आहे की नाही, हे घरी कळत नाही. दहा-बारा व्हॅनमालक एकत्र आले आणि ज्या फाउंड्रीत आधीपासून ड्रम ओतले जातात तिथेच काम दिले, तर गोष्ट वेगळी.

आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगता येते. जिल्ह्याच्या ठिकाणी, बसस्टँडच्या आसपास, मालकाने वयामुळे नवा माल भरणे थांबवलेले एखादे दुकान असते. तिथे संगणक नसतो, यादी नसते, पण कोणत्या फळीवर काय आहे हे काकांना पाठ असते. अशा दुकानात फोन करण्यापेक्षा नमुना घेऊन स्वतः जावे, आणि दुपारच्या निवांत वेळी जावे.

भंगारातल्या गाडीचे ब्रेकचे भाग घ्यावेत का?

धातूचे भाग घ्यावेत. बॅकप्लेट, शूचा लोखंडी सांगाडा, कॅलिपरची बॉडी, हॅण्डब्रेकचे लिव्हर, पेडलचा सांधा हे भाग भंगारातूनच मिळतात, कारण ते झिजत नाहीत आणि म्हणून कोणी नवे बनवतही नाही. मात्र वेल्डिंग केलेला, आगीत सापडलेला किंवा पुरात बुडालेला भाग नाकारावा. बिल घ्यावे आणि त्यावर ज्या गाडीतून भाग उतरवला तिचा नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा. चोरीच्या गाड्या तोडून विकण्यासाठी बदनाम झालेला मेरठचा सोतीगंज बाजार डिसेंबर २०२१ मध्ये पोलीस कारवाईनंतर बंद पडला. स्वस्त भागामागे काय असू शकते, याची त्यावरून कल्पना यावी. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रे सुरू झाली आहेत, आणि आपल्या मॉडेलची गाडी तोडायला आली तर कळवा, असे तिथे सांगून ठेवण्यात काही जात नाही.

दुकानात वीस वर्षे पडून असलेला, खोक्यातला कोरा भाग सुरक्षित असतो का?

धातू असेल तर होय, रबर असेल तर नाही. कोरा ड्रम किंवा कोरी डिस्क गंज घासून आणि लेथवर एकदा तपासून वापरता येते. कोरा मास्टर सिलिंडरही आनंदाने घ्यावा, पण तो खोक्यातून काढून थेट गाडीला लावू नये. तो उघडावा, बोअर पाहावा आणि आतले सर्व रबर नवे टाकावे. वर्षानुवर्षे एकाच स्थितीत दाबून राहिलेल्या कपची कड बसून गेलेली असते. दिसायला तो नवा असतो आणि दाबाखाली तेल सोडतो. होज पाइपच्या (लवचीक रबरी नळीच्या) बाबतीत तर काहीच तडजोड नाही. त्यावर छापलेली उत्पादनाची तारीख वाचावी, आणि तो दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

व्हील सिलिंडर कुठेच मिळत नसेल तर काय करावे?

जुन्याच सिलिंडरला आतून स्लीव्ह (धातूची नळी) टाकून घ्यावी. बोअरमध्ये गंजाचे खड्डे पडलेले असतात म्हणून नवे किट टाकूनही सिलिंडर महिन्याभरात गळतो. खड्डे अगदी उथळ असतील तर होनिंगने (बोअर आतून बारीक घासून) जातात, पण त्यात बोअर मोठा होतो आणि कपची पकड सैल पडते. खोल खड्ड्यांसाठी बोअर मोठा कापून त्यात स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची नळी बसवतात आणि ती मूळ मापाला आणून गुळगुळीत करतात. हे काम इंजिन बोअरिंग करणाऱ्या चांगल्या वर्कशॉपमध्ये होते. देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: अंतिम माप नव्या पिस्टनवरून नव्हे तर मूळ बोअरवरून ठरवायचे आहे, तेल येण्याचे भोक नळीतून पुन्हा पाडून त्याची कड गुळगुळीत करायची आहे, आणि नळी बाहेरच्या अंगाने तेल झिरपणार नाही अशी घट्ट बसली पाहिजे. मास्टर सिलिंडरमध्ये रिझर्व्हॉयरकडे जाणारे भरपाईचे भोक अतिशय बारीक असते. ते बुजले किंवा जागेवरून सरकले तर ब्रेक सोडल्यावरही दाब उतरत नाही आणि चाके जाम होतात. हे काम पूर्वी केलेले नसलेल्या कारागिराकडे मास्टर सिलिंडर देऊ नये.

रबर किट सुटे घेऊन बसवले तर चालते का?

चालते, आणि बहुतेक वेळा तोच उत्तम मार्ग असतो, कारण कप हे बोअरच्या मापाने मिळतात, गाडीच्या नावाने नव्हे. नामांकित ब्रेक कंपनीचेच किट घ्यावे. ब्रेक ऑइलला चालणारे रबर वेगळे असते. इंजिन ऑइल, ग्रीस किंवा डिझेल लागले की ते फुगते. किट बसवताना ब्रेक ऑइल किंवा खास रबर ग्रीस वापरावे, आणि भाग डिझेलमध्ये धुण्याची गॅरेजमधली सवय या कामापुरती सोडावी.

ड्रम मिळत नाही आणि आहे तो झिजला आहे. लेथवर किती टर्निंग (आतून कापून सपाट) करता येते?

अनेक ड्रमांवर कमाल व्यास ओतलेला असतो आणि तोच अंतिम मानावा. नसेल तर मूळ व्यासापेक्षा एक ते दोन मिलिमीटर इतकीच सवलत साधारणपणे धरली जाते. त्यापुढे ड्रम पातळ होऊन तापल्यावर फाकतो, आणि घाट उतरताना पेडल हळूहळू खाली जाऊ लागते. एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम सारख्याच व्यासाला आणावेत, आणि शूची कमान नव्या व्यासाला जुळवून घासून घ्यावी. ड्रमला बारीक तडे दिसत असतील तर टर्निंगचा प्रश्नच येत नाही.

लायनर लावलेले शू मिळत नाहीत. पर्याय काय?

सांगाडा चांगला असेल तर लायनर नवे चढवून घेणे हा उत्तम पर्याय आहे. जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी ट्रकचे लायनर रिव्हेट करणारा कारागीर असतो. रुंदी, जाडी आणि कमान सांगितली की रानेसारख्या किंवा सुंदरम ब्रेक लायनिंग्जसारख्या कंपन्यांच्या मालातून जवळचे लायनर कापून घेता येते. लायनरच्या कडेला छापलेल्या नंबरात दोन इंग्रजी अक्षरे असतात. पहिले थंड अवस्थेतले आणि दुसरे गरम अवस्थेतले घर्षण दाखवते. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५ आणि ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. दोन्ही बाजूंना एकाच अक्षराचे लायनर असावे, आणि ट्रकचे उरलेले तुकडे व्हॅनला चढवू देऊ नयेत. काही ब्रेकमध्ये पुढच्या आणि मागच्या शूच्या लायनरची लांबी वेगवेगळी असते. उतरवण्यापूर्वी फोटो काढून ठेवावा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्यामुळे ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

ब्रेकचा होज पाइप हायड्रॉलिक पाइपवाल्याकडून बनवून घेता येईल का?

जेसीबीचे पाइप बनवणाऱ्या दुकानातून नाही. त्या पाइपच्या आतले रबर खनिज तेलासाठी असते. ब्रेक ऑइलमध्ये ते फुगते, त्याचे पापुद्रे सुटतात आणि एकाच दिशेने वाट बंद करतात, म्हणजे ब्रेक लागतो पण सुटत नाही. ब्रेकच्या होजसाठी भारतात आयएस ७०७९ हे स्वतंत्र मानक आहे, आणि त्यानुसार तयार केलेला, दोन्ही टोकांचे आटे व लांबी जुळणारा दुसऱ्या गाडीचा होज मिळवणे हाच योग्य मार्ग आहे. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून तो कुठे ताणला किंवा टायरला घासला जात नाही ना, हे पाहावे.

बूस्टर (व्हॅक्यूमने पेडलचा जोर वाढवणारा भाग) मिळणे बंद झाले आहे. पेडल फार जड लागते.

नवा बूस्टर शोधण्याआधी जुना खरोखर खराब आहे का ते पाहावे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग पाय दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. न गेल्यास आधी व्हॅक्यूमची नळी आणि त्यावरचा एकदिशा व्हॉल्व्ह तपासावा. डिझेल व्हॅनमध्ये व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप असतो, तो बऱ्याचदा अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो, आणि दोष तिथेच निघाल्यास बूस्टरचा खर्च वाचतो.

परदेशातल्या भावंड गाड्यांचे भाग चालतील का?

काही वेळा चालतात. टेम्पो ट्रॅव्हलर ज्या मर्सिडीज टी-१ वर आधारलेली आहे ती जर्मनीत १९७७ ते १९९५ या काळात बनत होती, आणि तिच्या चाहत्यांमुळे युरोपात तिचे ब्रेकचे भाग अजून मिळतात. व्हॉयेजरचे मूळ मित्सुबिशी एल-३०० हे आहे आणि ते नाव फिलिपिन्स व इंडोनेशियात आजही चालू आहे. मारुती व्हॅनचे मूळ सुझुकी कॅरीचे. तरीही आराखडा परदेशी असला तरी ब्रेक देशी कारखान्याचा असू शकतो, आणि तसा असेल तर मूळ गाडीचा भाग बसणार नाही. म्हणून विक्रेत्याकडून बोअर आणि आटे लेखी मागवल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. कुरिअर आणि सीमाशुल्क धरून किंमत दुप्पट होऊ शकते, हेही आधी मनाशी धरावे. रबर किट किंवा पॅड मागवणे परवडते, ड्रम मागवणे क्वचितच.

पुढच्या ड्रमच्या जागी नंतरच्या मॉडेलची डिस्क बसवली तर कायमची सुटका होईल का?

मारुती व्हॅनच्या बाबतीत हा प्रश्न बराच येतो, कारण नंतरच्या ओम्नीला पुढे डिस्क आणि बूस्टर होता आणि २०१९ पर्यंत ही गाडी बनत असल्यामुळे तिचे भाग भरपूर मिळतात. बदल करायचाच असेल तर अर्धवट करू नये. कॅलिपर आणि डिस्कबरोबर नकल (हब धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग), हब, मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि पाइप हे सारे एकाच मॉडेलचे घ्यावे लागते. ड्रमसाठी असलेल्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पाइपमध्ये थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला सतत घासत राहतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील फेरफारांना लागू आहे, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत विचारावे, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि सर्व बिले जपून ठेवावीत. दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचा ब्रेक वेल्डिंग करून बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या गॅरेजमधून गाडी परत आणावी.

कोणते ब्रेक ऑइल वापरावे?

झाकणावर लिहिलेले. बहुतेक जुन्या व्हॅनना डॉट-३ प्रतीचे ऑइल चालते; कोरड्या अवस्थेत त्याचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, डॉट-४ चा २३०. सिलिकॉनचे डॉट-५ यात मिसळू नये. दर दोन वर्षांनी सगळे ऑइल बदलावे, कारण ते हवेतली आर्द्रता शोषते आणि दुर्मीळ सिलिंडर आतून गंजवते.

जुळवलेला भाग बसवल्यानंतर काय तपासावे?

चारही चाकांची एअर काढून झाल्यावर पेडल जोराने दाबून मिनिटभर धरावे. ते हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे, बाहेर दिसो वा न दिसो. मग मोकळ्या, सपाट जागी अगदी कमी वेगात ब्रेक लावून गाडी सरळ थांबते का ते पाहावे. वीस मिनिटे चालवून चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहावा. एकच ड्रम इतरांपेक्षा खूप तापला असेल तर तिथला शू सुटत नाही. जिथे रोलरवर ब्रेक तपासण्याची सोय आहे तिथे डाव्या-उजव्या चाकांच्या जोरातला फरक आकड्यांत मिळतो, आणि व्यावसायिक व्हॅनला फिटनेससाठी तो एरवीही लागतोच. माल वाहणारी व्हॅन असेल तर एकदा वजन टाकूनही चाचणी घ्यावी, कारण रिकाम्या गाडीत मागच्या ब्रेकचा दोष लपून राहतो.

काढलेले जुने भाग ठेवावेत का?

ठेवावेत, रबर सोडून सगळे. सिलिंडर कोरडे करून, आतून रबर ग्रीसचा पातळ थर देऊन, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावेत आणि पिशवीवर बाजू, बोअर व आटे लिहावेत. पुढच्या वेळी स्लीव्ह टाकायला द्यायचा तो हाच सिलिंडर असतो, आणि तो आधीच करून ठेवला असेल तर व्हॅन गॅरेजमध्ये एक दिवस उभी राहते, महिना नव्हे.